उताऱ्यातलं गाव

आठल्ये सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बसड्रायव्हरशी कंदिलावरून भांडत होते.

खरा कंदील कुठेच नव्हता. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या इमारतीत खाली मासळीबाजार आणि तिसऱ्या मजल्यावर आमची इंग्रजीची शाळा, तिथे भर दुपारी कंदील कुठून येणार? कंदील होता प्रश्नपत्रिकेतल्या उताऱ्यात. एका म्हातारीनं तो संध्याकाळी खिडकीत आणून ठेवला, एवढंच उताऱ्यात लिहिलं होतं. प्रश्न होता, कंदील पेटलेला होता का? चीनमधून येऊन सहा वर्षं सिंगापूरच्या रस्त्यांवर दुमजली बस हाकणारे मिस्टर हू म्हणत होते, अर्थात होता. विझलेला कंदील खिडकीत ठेवायला म्हातारीला वेड लागलंय का?

"फिंगर व्हेअर?" सर म्हणाले. म्हणजे, लिहिलंय कुठे, तिथे बोट ठेवा.

मिस्टर हूंचं जाडजूड बोट उताऱ्यावर उतरलं. पहिल्या ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं फिरत फिरत खालपर्यंत गेलं, पुन्हा वर आलं. टेकायला जागाच मिळेना.

"नो फिंगर," ते शेवटी पडलेल्या आवाजात म्हणाले.

"देन नॉट गिव्हन," सर म्हणाले आणि त्यांचं लक्ष दारात ताटकळलेल्या माझ्याकडे गेलं. मग चक्क मराठीत, "तुम्ही कुलकर्णी ना? या, बसा. तुम्हाला काय वाटतं, पेटलेला होता?"

मुलाखतीच्या धसक्यानं माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

"मग तुम्हीपण नापास," ते खुशीत म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून मी तिथे नोकरीला लागले.

माझा नवरा जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनियर. सकाळी सहाला कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि मी कुंडीतल्या कढीपत्त्याशी गप्पा मारत बसायची. त्यातून सुटका म्हणून मी ही शाळा धरली. आमचे विद्यार्थी सगळे मोठी माणसं आणि बहुतेक चिनी. कुणी बस चालवणारं, कुणी जहाजदुरुस्तीच्या गोदीत, कुणी हॉस्पिटलात मदतनीस. दर तीन महिन्यांनी आमची परीक्षा व्हायची. शब्दांचा एक पेपर, वाचनाचा एक आणि भाषांतराचा एक. पास झालं की हाती प्रमाणपत्र यायचं आणि त्यावर पुष्कळांची बढती अडलेली असायची. शब्द आणि वाचन सर काढायचे. भाषांतर मादाम गो काढायच्या. त्या इथल्याच, साठीच्या, आखूड केसांच्या आणि त्याहून आखूड बोलणाऱ्या. मी या दोघांचे पेपर टाइप करायची, चुका शोधायची आणि दोघांमध्ये दिवसातून एकदा तरी तह घडवून आणायची.

सर उंच होते, थोडे वाकलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन शिसपेन्सिली. उत्तरपत्रिका ते शिसपेन्सिलीनंच तपासायचे, लाल पेन मी त्यांच्या हातात कधी पाहिलं नाही. आणखी एक सवय होती. एखाद्यानं बरोबर उत्तर दिलं की ते तोंडानं काही म्हणायचे नाहीत, टेबलावर बोट वाजवायचे. एक छोटी टक, मग बोट जरासं ओढून लांब, मग पुन्हा छोटी टक. विद्यार्थ्यांना त्या आवाजाचं इतकं वेड होतं की मिस्टर हूंसारखा बाप्या माणूस तो ऐकला की शाळकरी पोरासारखा लाजायचा.

वाचनाच्या पेपरात प्रत्येक विधानापुढे तीन पर्याय असत. ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन. बरोबर, चूक आणि सांगितलेलं नाही. पहिले दोन सगळ्यांना जमतात, तिसऱ्यापाशी भलेभले आपटतात. उताऱ्यात नाही ते माणूस आपल्या मनातून घालतो आणि वर शपथेवर सांगतो की लिहिलंय. सरांचा सगळा जीव त्या तिसऱ्या पर्यायात होता. "मृणाल, लक्षात ठेव," ते मला सांगायचे (पंधरा दिवसांत ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते), "जगातली निम्मी भांडणं नॉट गिव्हनला फॉल्स समजल्यामुळे होतात. उरलेली निम्मी ट्रू समजल्यामुळे."

स्वतःबद्दल विचारलं की हाच पर्याय ते ढालीसारखा पुढे करत. सर, गाव कुठलं तुमचं? "कोकण. पुढचं उताऱ्यात नाही." लग्न? "सांगितलेलं नाही." घरी कोण कोण असतं? "काहीच्या काही प्रश्न विचारतेस बाई, जा, कॉफी आण." एवढंच कळलं होतं की पूर्वी ते जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. तारा घ्यायच्या, तारा पाठवायच्या. पुढे उपग्रह आले, जहाजांना अशा माणसांची गरज उरली नाही, आणि शेवटच्या जहाजानं त्यांना इथल्या बंदरात उतरवलं ते ते इथेच राहिले. क्वीन्सटाउनमध्येच अकराव्या मजल्यावर त्यांचं एका खोलीचं घर होतं. खिडकीतून लांबवर बंदराच्या क्रेन दिसत.

शब्दांच्या पेपरासाठी त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक इंग्रजी शब्द लिहून ते त्यात टाकत. नियम असा की शब्द विद्यार्थ्याला उद्याच्या उद्या वापरता आला पाहिजे. ब्रेक, सूज, गळती, पावती. पण मधूनच त्या डब्यातून भलतेच शब्द निघायचे. ओहोटी. गाळ. शेवाळ. वल्हं.

"मिस्टर आठल्ये, सिंगापूरमध्ये शेवाळ कुणाला लागतं?" मादाम गो कपाळाला हात लावायच्या. "इथे सगळं स्वच्छ, लाह!" हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट.

"शब्द कधी लागेल सांगता येत नाही, मादाम."

आणि लागलाच एकदा. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात मदतनीस म्हणून काम करणारी श्वेमेई नावाची आमची एक विद्यार्थिनी होती. पस्तिशीची, बारीक चणीची, हसताना तोंडावर हात धरणारी. एका म्हाताऱ्या पेशंटच्या उशाशी डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कसं आहे? हिला 'कमी होतंय' हे चटकन सुचेना. मग ती म्हणाली, दुखण्याला ओहोटी लागलीय. डॉक्टर म्हणे तिच्याकडे बघतच राहिले. हे तिनं वर्गात येऊन सांगितलं तेव्हा सरांनी टेबल एकदा नाही, तीनदा वाजवलं.

हे ओहोटीचे आणि शेवाळाचे शब्द कुठून येतात, ते मला उतारे टाइप करताकरता उमगत गेलं.

दुसऱ्या शाळांच्या पेपरात उतारे कुठल्या कुठल्या पुस्तकांतून उचललेले असतात. सर प्रत्येक उतारा स्वतः लिहायचे, आणि प्रत्येक उतारा एकाच गावाचा असायचा. गावाचं नाव कधीच नाही. एक खाडी, अलीकडे रस्ता, पलीकडे गाव. खाडी ओलांडायला होडी. गावाच्या बाजूला दगडी धक्का आणि त्याला सतरा पायऱ्या. धक्क्याच्या वर एक उंडीचं झाड आणि झाडाखाली तिकिटाची खोपटी. एका पेपरात भल्या सकाळी बायका ओहोटीच्या चिखलात मुळे, म्हणजे शिंपल्या, खणत. दुसऱ्यात पोफळीच्या बागेत पाणी सोडलेलं असे आणि पाटातून एक चप्पल वाहत जाई. तिसऱ्यात ती म्हातारी, तो कंदील. आणि पुष्कळ उताऱ्यांत होडीत एक तरुण बसलेला असे, मांडीवर बॅग घेऊन. धक्क्यावर त्याचा मोठा भाऊ उभा असे, काखेत मिटलेली काळी छत्री धरून. मोठा भाऊ तिकिटं विकायचा.

होडी मात्र कधीच पोचायची नाही. दोनशे शब्द संपायचे तेव्हा ती खाडीच्या मध्यावर असायची, कधी धक्क्यापासून वीस हातांवर, कधी दहा. की प्रश्न सुरू.

पंख्याची घरघर, खालून येणारा मासळीचा वास, दुपारची झापड, आणि पन्नास डोकी खाली घालून ते गाव वाचतायत, हे दृश्य मी इतकी वर्षं पाहिलं की मलाही वाटायला लागलं, आपण तिथे जाऊन आलोय. मिस्टर हू म्हणायचे, ही नदी माझ्या आजोळची आहे. श्वेमेई म्हणायची, नाही, माझ्या. तिच्याकडे त्या झाडाला पांढरी फुलं यायची. सर दोघांनाही "नॉट गिव्हन" म्हणायचे, पण त्या वेळी त्यांचा आवाज अगदी मऊ असायचा.

एकदा भाषांतराच्या पेपरात मादाम गोंनी सरांच्याच उताऱ्यातलं वाक्य घेतलं. होडी आता धक्क्याला लागणारच होती. साठ जणांनी त्याचं चिनी केलं. त्यांची तपासायची पद्धत अशी की त्या चिनी वाचून डोळे मिटायच्या आणि त्याचं पुन्हा इंग्रजी करून आम्हाला मोठ्यानं ऐकवायच्या, मग सर आणि मी ते मूळ वाक्याशी ताडून पाहायचो. त्या दुपारी साठ वेळा ती होडी आमच्या खोलीतून गेली. कुणाची लांब होती, कुणाची धक्क्याला घासत होती, कुणाची वाऱ्यानं उलट फिरली होती. एका उत्तरात होडी लागूनसुद्धा गेली होती, माणसं उतरत होती. मादामनी गुण कापायला पेन उचललं.

"द्या त्याला," सर म्हणाले. "एखादी तरी पोचू दे."

"कॅनॉट, लाह," मादाम म्हणाल्या. "नॉट यट रीच." आणि कापले.

विद्यार्थ्यांनी तर पुढची कमाल केली. सरांच्या वाढदिवसाला (तारीख शाळेच्या कागदांतून मीच फोडली होती) त्यांनी एक नकाशा भेट दिला. जुन्या पेपरांतून वेचून वेचून सगळं गाव काढलं होतं. खाडी, बाग, विहीर, म्हातारीची खिडकी, सगळं जिथल्या तिथे. सर किती तरी वेळ त्यावर वाकून उभे होते. मग म्हणाले, "पायऱ्या चौदाच का? मी सतरा लिहिल्यात." श्वेमेईनं एका पेपरातल्या ओळीवर बोट ठेवलं. भरतीला तीन पायऱ्या पाण्याखाली जातात. आणि नकाशातल्या खाडीवर तिनं चिनीत लिहिलं होतं, भरती. सरांनी टेबल वाजवलं आणि खिडकीकडे जाऊन चष्मा पुसत राहिले. एक हुशार पोरगा फोन काढून म्हणाला, सर, गावाचं नाव सांगा, मी आत्ता वरून दाखवतो, घरन्‌घर दिसेल. सर एकदम करड्या आवाजात म्हणाले, "खिशात ठेव ते."

माझ्या मनात तेव्हा पाल चुकचुकली होती, पण विचारणार कोण?

नंतर तो पेपर आला. टाइप करताना मी दचकले, कारण त्यात होडी धक्क्याला लागली होती. शेवटचं वाक्य होतं, "तरुणानं मान वर केली, आणि धक्क्यावर त्याचा भाऊ उभा होता." खाली दहावं विधान होतं, "मोठा भाऊ धाकट्याची वाट पाहत होता." सरांनी उत्तरांची यादी दिली त्यात दहाव्यापुढे लिहिलं होतं, ट्रू. मी तीनदा वाचलं. मला थोडं खटकलं, पण सरांची उत्तरं तपासायची म्हणजे सूर्याला घड्याळ दाखवायचं, असं वाटून मी गप्प बसले. चूक माझीही होती, हे इथे कबूल करून टाकते.

त्या परीक्षेत श्वेमेई एका गुणानं नापास झाली. तिचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. पास झाली असती तर हॉस्पिटल तिला नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवणार होतं. नापास झाली म्हणजे करार संपताच परत गावी. दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा हातापाया पडली असती. ही आपली उत्तरपत्रिका घेऊन सरांसमोर येऊन उभी राहिली. दहाव्या विधानापुढे तिनं लिहिलं होतं, नॉट गिव्हन, आणि सरांनी त्यावर शिसपेन्सिलीनं बारीकशी फुली मारली होती.

"टीचर," ती म्हणाली. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण अडखळलं नाही. "हा भाऊ तिकीटवाला. होडी आली की तो धक्क्यावर. रोज. प्रत्येक होडीला. त्याचं काम आहे ते. मग तो याचीच वाट बघत होता, हे कशावरून?"

तिनं उतारा त्यांच्यासमोर ठेवला.

"फिंगर व्हेअर, टीचर?"

तिच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. त्यांनीच शिकवलेलं ती त्यांना विचारत होती. सरांनी उतारा पुढे ओढला आणि खरंच बोट ठेवलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मी ते लांबसडक बोट कागदावरून उतरताना बघत होते. शेवटच्या ओळीपाशी ते थांबलं. "उभा होता," सर मराठीत पुटपुटले. "नुसता उभा होता."

मग त्यांनी खोडरबर घेऊन ती फुली पुसली, सगळ्यांच्या उत्तरपत्रिका मागवून दहावं विधान नव्यानं तपासलं आणि मादाम गोंना स्वतः जाऊन सांगितलं की चूक माझी. श्वेमेई पास झाली. ते म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मनातलं खोडत आलो आणि माझंच कागदावर उतरलं."

दुसऱ्या दिवशी श्वेमेईनं आम्हा दोघांना खालच्या हॉकर सेंटरमध्ये, बाजाराला लागून असलेल्या खाण्याच्या गाळ्यांत, कॉफी पाजली. सकाळची वेळ होती, टेबलं अजून ओली होती. सर कप हातात धरून बसले आणि कुणी न विचारता बोलायला लागले, तिला कळावं म्हणून सावकाश, सोप्या इंग्रजीत, वर्गात बोलायचे तसं. फरक इतकाच की हा उतारा संपत होता.

म्हातारी त्यांची आई. काळ्या छत्रीवाला त्यांचा दादा. सर तेव्हा तिशीच्या आतबाहेर, बऱ्याच खटपटीनं एका मोठ्या जहाजावर लागलेले. एका दुपारी कोलंबो दोन दिवसांवर असताना किनाऱ्यावरच्या स्टेशनकडून तार आली. घेणारे हेच, आणि तार यांच्याच नावाची. आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. कॅप्टनला सांगितलं असतं तर कोलंबोला उतरता आलं असतं. पण उतरलं की जहाज गेलं, जहाज गेलं की पुन्हा वर्षभर घरी बसा. त्यांनी तार शर्टाच्या खिशात ठेवली. कोलंबो आलं, गेलं. ते उतरले नाहीत. आई गेली. पुढच्या बंदरात दादाचं पत्र आलं, तार मिळाली नव्हती का? त्यांनी उलट लिहिलं, तार मला मिळालीच नाही.

"पण माझ्या बोटानं तोपर्यंत घात केला होता," सर म्हणाले आणि टेबलावर वाजवलं. छोटी टक, लांब, छोटी टक. "तारेच्या भाषेत याचा अर्थ, मिळाली. तार घेतली की हे कळवायचंच, हात आपोआप कळवतो. मीही कळवलं होतं. आणि दादानं तार करताना पोच मागवली होती."

आम्ही इतकी वर्षं ज्या टकटकीसाठी जीव टाकायचो ती ही होती.

दादाचं उत्तर आलं. पाकिटात पत्र नव्हतं. नुसती तारखात्याची पोच होती. तार अमुक जहाजावर अमुक वाजता मिळाली, घेणारा रेडिओ ऑफिसर आठल्ये. त्यानंतर पस्तीस वर्षं ना त्यांनी लिहिलं, ना दादानं.

"येऊ नकोस, असं त्यानं सांगितलं," सर म्हणाले. "मग मी गेलो नाही."

श्वेमेईनं कप खाली ठेवला. "टीचर, तो कागद आहे?"

सरांनी पिशवीतून शब्दांचा डबा काढला. चिठ्ठ्यांच्या तळाशी चार घड्या घातलेला एक पिवळा कागद होता. तिनं तो टेबलावरचं पाणी पुसून अलगद उलगडला. पुढून पाहिला, मागून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मग तिनं सरांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या कागदावर ठेवलं.

"फिंगर व्हेअर?" ती म्हणाली. "येऊ नकोस. व्हेअर?"

सर रडले. भर हॉकर सेंटरमध्ये, थाळ्या उचलणाऱ्या मावशींच्या देखत, पासष्टी ओलांडलेला तो माणूस तोंड झाकून रडला आणि आम्ही दोघी बावळटासारख्या कॉफी ढवळत बसलो. मलाही रडू येत होतं. माझ्या आईशी मी तेव्हा चार महिने बोलले नव्हते. त्या संध्याकाळी घरी गेल्यागेल्या फोन लावला, पण ते असो.

त्यांनी दादाला पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं नाही, पण सांगितलं त्यात काय आहे ते. तार मिळाली होती, मी खोटं बोललो. अमुक तारखेला सकाळच्या होडीनं येतोय. बस, एवढंच. चार ओळींचं पत्र लिहायला त्यांना सहा दिवस लागले. मग उत्तराची वाट पाहणं आलं. दोन आठवडे गेले, तीन गेले. शाळेत येणारा पोस्टमन आमच्याकडे अपराध्यासारखा बघायला लागला. चौथ्या आठवड्यात सर म्हणाले, "उत्तर नाही म्हणजे नकार नाही. नॉट गिव्हन," आणि तिकीट काढून मोकळे झाले.

विमानतळावर आम्ही तिघी गेलो होतो. मादाम गोंनी त्यांना वाटेत खायला अननसाच्या वड्यांचा डबा दिला आणि वर दम भरला, "मिस्टर आठल्ये, नीट पोचा. आता रीच व्हायलाच पाहिजे, ओके?" श्वेमेईनं तो नकाशा गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "तो धक्क्यावर असेलच गं," ते मला म्हणाले. "तिकिटं विकतो ना. वय झालं असलं तरी सोडणार नाही तो. पण माझ्याकडे बघेल की नाही..." आणि वाक्य तसंच सोडून चालायला लागले. काचेपलीकडे गेल्यावर एकदा वळले. खांद्याला पिशवी, काखेत नकाशा, पांढरा शर्ट. त्यांनी काचेवर बोट वाजवलं. आवाज आमच्यापर्यंत आला नाही, पण बोट हललेलं दिसलं. छोटी, लांब, छोटी. मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं.

ते परत आले नाहीत. दीड महिन्यांनी शाळेच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत शिसपेन्सिलीनं लिहिलेला वाचनाचा पेपर होता, दोनशे शब्दांचा उतारा आणि खाली फक्त दोन विधानं. उत्तरांची यादी दिली नव्हती. वर लिहिलं होतं, श्वेमेईकडून सोडवून घ्यावा.

श्वेमेई तेव्हा नर्सिंग शिकायला लागली होती. मी नोव्हेनाला गेले. हॉस्पिटलच्या फूड कोर्टमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती निळ्या गणवेशात येऊन बसली, हात पुसले आणि वाचायला घेतलं. उतारा इंग्रजीत होता, मी जमेल तसा मराठीत सांगते.

"एक म्हातारा प्रवासी पस्तीस वर्षांनी खाडीच्या काठी उतरला. होडी नव्हती. डाव्या हाताला नवा पूल होता आणि त्यावरून गाड्या जात होत्या. चहावाला म्हणाला, पूल होऊन आठ वर्षं झाली, होडी तेव्हाच बंद पडली. पलीकडच्या धक्क्यावर आता तिकिटं विकली जात नाहीत. प्रवाशाला हे माहीत नव्हतं. त्यानं पत्रात होडीनं येतो असं लिहिलं होतं. तो पुलाकडे वळणार तोच खालून एका कोळ्यानं हाक मारली. त्याची छोटी होडी काठाला बांधलेली होती. तो म्हणाला, आठल्ये ना तुम्ही? बसा, मला सकाळपासून इथे बसवून ठेवलंय. भरती होती. चौदा पायऱ्या दिसत होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर काखेत मिटलेली छत्री धरून एक फार म्हातारा माणूस उभा होता. होडी धक्क्याला लागली. म्हातारा म्हणाला, सामान एवढंच? आणि त्यानं पिशवी आपल्या हातात घेतली."

खाली पहिलं विधान होतं, "मोठ्या भावानं धाकट्याला क्षमा केली." दुसरं होतं, "मोठा भाऊ धाकट्याची वाट पाहत होता."

श्वेमेईनं पेन्सिल मागितली. पहिल्यापुढे तिनं जरा विचार करून लिहिलं, नॉट गिव्हन. दुसऱ्यापुढे अजिबात न थांबता लिहिलं, ट्रू.

विचारायचं ते मी विचारलंच. "फिंगर व्हेअर?"

तिनं बोट ठेवलं. पलीकडच्या धक्क्यावर आता तिकिटं विकली जात नाहीत, त्या ओळीवर.